एकही नाव राहायला नको

आमच्या ऑफिसात पाण्याचे सात पेले होते आणि सातही परक्यांचे होते. एकावर ‘सौ. पार्वताबाई हिस मामाकडून’, दुसऱ्यावर ‘कै. दगडूबापू यांच्या स्मरणार्थ’, तिसऱ्यावर नुसतंच ‘शांता’ आणि पुढे अर्धी झिजलेली तारीख. ऑफिस नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत, पत्रा कापायच्या एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी हाताला आला तो पेला उचलला आणि माठातलं पाणी घेतलं, तर कोपऱ्यातल्या टेबलावरून आवाज आला, “कुणाच्या पेल्यात पितीस?”

“ऑफिसच्या,” मी म्हटलं.

“ऑफिसचा एक बी न्हाई त्यात. वाच की.”

मी वाचलं. पेला शांताबाईंचा निघाला.

“हां. आता पी.”

माणूस खुळा आहे, असं मी त्याच दिवशी मिरजगावला घरी फोन करून सांगितलं. पुढे सहा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली. माणूस खुळाच होता. फक्त खुळेपणाबद्दलचं माझं मत तेवढ्या काळात साफ बदललं.

सगळे त्यांना काका म्हणायचे. आमचे शेठ म्हणायचे, खालचे वर्कशॉपवाले म्हणायचे, चहावाला तर त्यांच्यापेक्षा वयाने मोठा असून म्हणायचा. ते मूळचे कोपरगावचे. त्यांचे वडील तिथल्या एका भांड्यांच्या दुकानाबाहेर पोत्यावर बसून भांड्यांवर नावं घालायचे. आधी छिन्नी-हातोडीने, नंतर कर्रर्र आवाज करणाऱ्या मशीनने. लग्नसराईत दुकानापुढे रांग लागायची आणि काका शाळेतून येऊन वडिलांना नावं वाचून दाखवायचे, कारण वडिलांना लिहायला येत होतं पण दुसऱ्याचं अक्षर लागत नव्हतं. त्यामुळे या माणसाचं अख्खं बालपण कोणी कोणाला काय दिलं हे वाचण्यात गेलं. आमच्या ऑफिसातले ते सात पेले त्यांनी जुन्या भांड्यांच्या मोडीच्या दुकानातून आणले होते. नाव घातलेलं भांडं भट्टीत जातं हे त्यांना बघवायचं नाही. बाजारपेठेत गेले की हा माणूस मोडीच्या ढिगासमोर उकिडवा बसून भांडी उलटीपालटी करायचा, आणि बरोबर आपण असलो तर लाजेने पलीकडच्या फुटपाथवर उभं राहायची पाळी यायची.

आता अशा माणसाचं सॉफ्टवेअरच्या धंद्यात काय काम, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. शेठनी त्यांना खरं तर कॉम्प्युटर दुरुस्त करायला ठेवलं होतं. दुसरं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

ते काम असं. वेबसाइट किंवा ॲप कोणीच सगळं स्वतः लिहीत नाही. तारीख निवडायचं कॅलेंडर एकाचं घेतलेलं असतं, नकाशा दुसऱ्याचा, पावती छापणारा भाग तिसऱ्याचा. ही माणसं जगात कुठे कुठे बसलेली असतात, त्यांची तोंडं आपण पाहिलेली नसतात, आणि त्यांनी लिहिलेलं ते इंटरनेटवर ठेवून देतात, घ्या म्हणून. पण प्रत्येकाबरोबर एक बारकी फाईल असते, लायसन्सची. हे वापरा, मात्र अमुक अटीवर. ही फाईल कोणी वाचत नाही. आमच्या कॉलेजात चार वर्षांत एकाही मास्तरांनी तिचं नाव घेतलं नव्हतं. काका ती वाचायचे. नुसती वाचायचे नाहीत, छापून घ्यायचे, खुर्चीतून उठायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि उभं राहून मोठ्याने वाचायचे.

त्यातला शेवटचा परिच्छेद बहुतेक लायसन्समध्ये मोठ्या कॅपिटल अक्षरांत असतो. वस्तू आहे तशी देतोय, ॲज इज, चालली नाही तर आमच्याकडे यायचं नाही, असा त्याचा मतलब. काकांचं म्हणणं, “मोठ्या अक्षरात लिवलंय म्हंजे वरडून सांगितलंय. मग वरडूनच वाचाया पाहिजे.” आणि ते खरोखर ओरडून वाचायचे. एकदा खालच्या वर्कशॉपचा फोरमन हातात पाना घेऊन धावत वर आला, इंग्रजीत भांडण चाललंय म्हणून.

“ॲज इज”चं त्यांनी “जसं हाय तसं” केलं होतं आणि ते कशालाही लावायचे. चहात साखर कमी पडली, जसं हाय तसं. एसटी स्टँडवर न थांबता पुढे जाऊन थांबली, जसं हाय तसं. मला पाहायला पाहुणे येणार म्हणून मी एक दिवसाची रजा मागितली तेव्हा म्हणाले, “पोराकडचे काय बी सांगतील. तू तेवढं इचार, लायसन कुठलं? बहुतेक जसं हाय तसंच असतंय, हमी कुणी देत न्हाई.”

मी हसले खरी, पण तेव्हा माझं हसू वरवरचंच होतं. वडिलांनी मला सहा महिने दिले होते. सहा महिन्यांत नोकरी पक्की झाली तर नगरला राहायचं, नाही तर गुमान घरी यायचं आणि करमाळ्याकडच्या त्या स्थळाला हो म्हणायचं. शेठनीही मला सहा महिने परीक्षेवरच घेतलं होतं. म्हणजे दोन्हीकडून सहाच महिने. स्थळ वाईट नव्हतं, माणसं खाऊनपिऊन सुखी होती. पण मला ती खुर्ची हवी होती, तो कॉम्प्युटर हवा होता, आणि हे मी त्या वेळी कोणाला मोठ्याने सांगितलं नव्हतं.

काकांची शिकवायची तऱ्हा निराळी होती. मला लायसन्सचे प्रकार पाठ होईनात. तेव्हा त्यांनी माझ्यापुढे शांताबाईंचा पेला ठेवला.

“हे एक. भांडं. यात पानी पी, ताक पी, दारू पी, न्हाईतर इकून टाक. देणाऱ्याचं काय म्हणणं न्हाई. एकच अट, वरचं नाव खरवडायचं न्हाई. लई लायसनं असलीच असत्यात. साधी. भल्या मानसांची.”

“आणि दुसरं?”

“दुसरं विरजण. शेजारणीकडनं तू वाटीभर विरजण आणलंस. पैसे घेतले का तिनं? न्हाई. पर तुझ्या पातेल्यात ते पडलं की समदं दूध दही झालं. आता दुसरी कुणी तुझ्याकडं विरजण मागाया आली, तर तुला न्हाई म्हणता येत न्हाई. तुला जसं मिळालं तसं द्यायचं. ह्या लायसनाचा कोड आपल्या कोडात मिसळून पुढं कुणाला दिला, तर आपला बी मोकळा करून द्यावा लागतो.”

“पण वेबसाइट आपण कुणाला देतच नाही. ती आपल्याच सर्व्हरवर चालते. लोक लांबून वापरतात.”

हा प्रश्न मला वाटतं त्यांना फार आवडला. ते उठून दोन फेऱ्या मारून आले. “हुशार हायस. साध्या विरजणाला ही पळवाट हाय. दही घराबाहेर गेलं न्हाई, तर अट लागत न्हाई. पर एक कडक विरजण बी हाय. त्याच्यात लिवलंय, दही घरात ठिवलं आन् खिडकीतनं लोकांला नुसतं ताक पाजलं, तरी अट लागू. वेबसाइट म्हंजे काय, खिडकीच की.”

ज्या कोडबरोबर कसलीच फाईल नसेल, त्याला ते हातही लावू द्यायचे नाहीत. मी म्हणायची, अहो, उघड्यावर ठेवलंय, फुकट आहे. तर म्हणायचे, “रस्त्याच्या कडंला तांब्या दिसला म्हणून उचलशील व्हय? मालक झाडाआड गेला आसंल.” यावर वाद घालण्यात अर्थ नसायचा. फुकट आणि मोकळं हे दोन शब्द त्यांच्यासमोर एकाच्या जागी दुसरा वापरला, तर ते काम थांबवून दुरुस्त करायला लावायचे. शेठही वैतागायचे. आठवड्याचं काम या माणसापायी दहा दिवसांवर जायचं. पण त्यांना काढायचं धाडस शेठनी कधी केलं नाही आणि मला वाटतं, मनातून तसं करायचंही नव्हतं.

आता तो प्रसंग सांगते. सांगायला मला आजही बरं वाटत नाही.

जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचं काम आमच्याकडे आलं होतं. कुठली ऊसतोड टोळी कुठल्या गावात, कुणाच्या फडात, कुठल्या दिवशी जाणार, हे नकाशावर दाखवणारं वेब ॲप. आमच्या ऑफिसच्या मानाने डोंगराएवढं काम. त्याचा मोठा भाग माझ्याकडे होता, माझं पहिलंच. माझी आत्या आणि तिचा नवरा दरवर्षी तोडीला जायचे, टोळीला ऐन वेळी फड बदलून दिला की बिऱ्हाडासकट कसे हाल होतात हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्यामुळे मी ते काम जीव ओतून करत होते. काकांनीही त्यात एक तुकडा लिहिला होता. आपल्याकडे एकच गाव चार जण चार तऱ्हेने लिहितात, कोणी ‘गाव’वर अनुस्वार देतो, कोणी देत नाही, कोणी ऱ्हस्व-दीर्घाला विचारत नाही. ही सगळी एकाच गावाची नावं आहेत हे ओळखणारा तो तुकडा होता. गावाचं नाव चुकीचं लिहिलं म्हणून टोळी भलत्या गावाला जाऊ नये, एवढ्यासाठी ते दोन महिने त्यावर बसले होते.

माल द्यायच्या आधीच्या आठवड्यात काका बहिणीकडच्या लग्नासाठी कोपरगावला गेले. वाटेतच त्यांचा एसटीतून फोन आला. गाडीचा खडखडाट, मागे कोणाचं तरी रडणारं पोर. ते ओरडून म्हणाले, “पोरी, कारखान्याला द्यायच्या आधी समद्या फायली बघ. वरती नावं हायेत बघ लोकांची. ती समदी काढ. एक बी नाव ऱ्हायला नको.” आणि रेंज गेली.

मी नावं काढली.

इंटरनेटवरून घेतलेल्या प्रत्येक फाईलच्या माथ्यावर दोन-चार ओळी असतात. हे कोणी लिहिलं, कुठल्या अटीवर. त्या ओळी मी एकेक करून पुसल्या. लायसन्सच्या फाईली उडवल्या. पूर्ण दोन दिवस लागले. एकही नाव राहू दिलं नाही.

मला तेव्हाच चमकायला नको का? पेल्यावरचं नाव वाचल्याशिवाय पाणी पिऊ न देणारा माणूस असं सांगेल का? चमकले होते, खोटं कशाला बोलू. पण वाटलं, हत्तीचे दात दाखवायचे वेगळे आणि खायचे वेगळे. कारखान्याला सगळं आपलंच म्हणून द्यायचंय, तर काकाही शेवटी धंदाच बघणार. आणि खरं सांगायचं तर हा माणूस इतरांसारखाच निघाला याचं मला थोडं बरंच वाटलं होतं. रोज उठून एवढ्या सरळ माणसाशेजारी बसणं सोपं नसतं. परत फोन लावून एकदा विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी तो लावला नाही.

काका सोमवारी आले. त्याच सकाळी शेठनी सगळा माल कारखान्याला पाठवून दिला होता, सोबत सही-शिक्क्याचं पत्र, की हे सर्व सॉफ्टवेअर आम्ही स्वतः लिहिलेलं असून ते पूर्णपणे आमच्या मालकीचं आहे.

काकांनी लग्नातला बुंदीचा लाडू माझ्यापुढे ठेवला. “काढली नावं?”

“काढली. सगळी.”

“शाब्बास. दाव.”

“काय दाखवू?”

“कागद की. नावांचा.”

“कसला कागद? काढली म्हणजे काढून टाकली ना. तुम्हीच म्हणालात, एकही राहायला नको.”

त्यांनी तळहातावर बोटाने लिहिल्यासारखं केलं. मग मला कळलं. यादी काढतात, पत्ता काढतात, सातबारा काढतात, तशी नावं काढ म्हणाले होते ते. वेचून कागदावर घे, एकही सुटायला नको. आणि मी एकही ठेवलं नव्हतं. एकाच शब्दाला दोन तोंडं होती आणि मी सोयीचं होतं ते धरलं होतं.

मला वाटलं आता ओरडतील. ते उठले, माठाकडे गेले, एक पेला घेतला आणि पाणी न घेता नुसताच हातात फिरवत उभे राहिले. “बापानं जल्मभर घातली,” ते म्हणाले, “आन् मी एका फोनात काढून टाकली.” त्यांचा आवाज इतका बारीक मी त्याआधी ऐकला नव्हता. त्यापेक्षा मार खाल्ला असता तरी चाललं असतं मला.

शेठ म्हणाले, “काका, आपल्याकडे जुनी प्रत आहे ना? टाकू परत नावं, तासाभराचं काम. कारखान्यात कोण ती फाईल उघडून बघतंय?”

“म्हंजे चोरी सापडणार न्हाई, येवढंच ना?”

शेठ वाईट माणूस नव्हता. घाबरला होता, आणि मी त्याच्याहून घाबरले होते. माझे सहा महिने भरायला अजून चार महिने बाकी होते आणि पहिल्याच कामात मी हे करून ठेवलं होतं. नोकरीवर पाणी सोडल्यात जमा होतं. करमाळ्याच्या माणसांची तोंडं माझ्या डोळ्यांपुढे येऊन गेली.

“सकाळी मी कारखान्यावर जातो,” काका म्हणाले. “हिला बी नेतो.”

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने गेलो. हंगाम तोंडावर आला होता. कारखान्याच्या मागच्या माळावर टोळ्या उतरत होत्या, त्यांना राहायला उसाच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहात होत्या. त्यांत आमच्या बाजूची माणसं असणार हे मला ठाऊक होतं, मी तिकडे बघितलंच नाही. कॉम्प्युटर विभागाच्या साहेबांची जेवायची वेळ होती. त्यांनी डबा उघडला, आम्हाला बसा म्हणाले, आणि काकांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. आडपडदा नाही, प्रस्तावना नाही.

साहेबांचा घास हातातच राहिला. “म्हणजे दुसऱ्यांचा माल तुम्ही स्वतःचा म्हणून आम्हाला दिलात?”

“व्हय.”

“हे उद्योग केले कुणी?”

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण काका आधी बोलले. “मी. नावं काढ म्हणून मीच सांगितलं. शब्द माझा. हिनं फकस्त ऐकला.” आणि गंमत अशी, की त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

साहेब मला म्हणाले, “तुम्हाला कळत नाही का? शिकलात कशाला?” मग काकांना, “असली माणसं ठेवता कशाला कामावर? काढून टाका ना.”

“आता काय बी काढून टाकायचं न्हाई साहेब,” काका म्हणाले. “एकदा काढलंय तेवढं बास झालं.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. बाकी सगळी साधी भांडी आहेत, नावं परत घातली की झालं. फक्त नकाशाचा भाग साध्या विरजणातला आहे. कारखान्यात वापरायला कसली अडचण नाही, पण उद्या हे ॲप दुसऱ्या कारखान्याला दिलंत, तर त्यात मिसळलेला सगळा कोड मोकळा करून द्यावा लागेल. साहेब अडून बसले. त्यांना सगळं पूर्णपणे कारखान्याच्या मालकीचं हवं होतं, कागदावर दुसऱ्या कोणाचं नाव नको. त्यांच्या वरच्यांना काय सांगायचं, हा त्यांचाही प्रश्न होता.

काकांची नजर डब्यावर होती. ती नजर मला माहीत होती.

“डबा कुणाचा साहेब?”

“माझा. का?”

“झाकणावर ‘सौ. रेखा हिस आईकडून’ लिवलंय.”

“अहो, बायकोच्या माहेरचा आहे.”

“मग तुमचा कसा?”

“माझाच ना. रोज मी खातो यात. पंधरा वर्षं झाली.” साहेब आता चिडले होते.

“आन् पंधरा वर्षांत ह्या नावानं तुमची भाजी अळणी केली का कधी?” काकांनी झाकण उचललं, बोटाने अक्षरांवरून फिरवलं. “बापाचं हत्यार हाय माझ्याकडं अजून. म्हणत असाल तर घासून देतो. मग डबा पुरता तुमचा.”

साहेबांनी झाकण त्यांच्या हातातून काढून घेतलं. जोरात नाही, पण घेतलं. आणि मांडीवर ठेवलं.

मग साहेब म्हणाले, “यादी द्या. नवीन पत्र द्या. चूक कशी झाली ते त्यात लिहा, नावानिशी. नकाशाचं मी वर बोलतो.” आणि काकांकडे न बघता, “तुम्ही मात्र या कामावर परत नको.”

“चालंल,” काका म्हणाले.

ते पत्र त्यांनी तिथेच बसून लिहिलं. सदर चूक माझ्या सूचनेमुळे झाली, आणि खाली आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं, त्या ठसठशीत अक्षरात. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. त्या कामातला त्यांचा जीव मला माहीत होता. गावांच्या नावांचा तो तुकडा प्रत्यक्ष चालताना बघायची त्यांची फार इच्छा होती, आणि हंगाम आठ दिवसांवर आला होता.

परतीच्या एसटीत मी रडले. सगळ्या गाडीने बघितलं. काका खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “रडू नको. चुकीवर बी कुणाचं तरी नाव लागतंय. बेवारस चूक लई वाईट, ती गावभर फिरती.”

“पण अर्धी माझी होती. मला शंका आली होती काका. मी विचारलं नाही.”

“ठावं हाय मला.” एवढंच बोलले. मग पिशवीतून तो सोमवारचा लाडू काढला, मी खाल्लाच नव्हता, आणि माझ्या हातावर ठेवला.

पुढचे तीन दिवस आम्ही यादी केली. त्यांनी वाचायचं, मी लिहायचं. शंभराच्या वर नावं निघाली. कोणी जपानी, कोणी ब्राझीलचा, कोणी पोलंडचा, ज्याच्या आडनावात स्वरच नव्हते. काका प्रत्येक नाव नीट उच्चारायचा हट्ट धरायचे, तीन-तीनदा म्हणून बघायचे. जुन्या सवयीने शेवटी ‘यांजकडून’ लावायचे. ॲपच्या अगदी तळाशी ‘नावं’ म्हणून एक बटण केलं, ते दाबलं की पूर्ण यादी अटींसकट उघडते. ते बटण कोणी दाबत नाही. पण आहे. माझी नोकरी त्या वर्षी पक्की झाली आणि करमाळ्याच्या मुलाचं लग्न दुसरीकडे होऊन गेलं. मी आज जी काही आहे, ती त्या पत्रात माझं नाव नव्हतं म्हणून आहे. हे मी काकांना एकदा सांगितलं, तर ते कपाळावरचा चष्मा शोधायला लागले.

दोन वर्षांमागे ते काम सोडून कोपरगावला गेले. पेले मला देऊन गेले. आता लग्नसराईत घराच्या ओट्यावर वडिलांची छिन्नी घेऊन बसतात म्हणे. दुकानात मशीनवर चुटकीसरशी होतं, तरी काही जुनी माणसं त्यांच्याकडेच येतात.

या वर्षी त्यांच्या त्या गावांच्या नावांच्या तुकड्याची मला दोन-तीन ठिकाणांहून मागणी आली. म्हटलं, लोकांसाठी इंटरनेटवरच ठेवू. शेठ हो म्हणाले. काकांना फोन करून विचारलं, लायसन्स कुठलं लावू? दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, लाव कुठलंही. यांनी तीन आठवडे घेतले. मधे एकदा फोन करून विरजण म्हणाले, परत दोन दिवसांनी रद्द केलं. शेवटी म्हणाले, “भांडंच लाव. गावांची नावं हायेत ती, ती काय माझी न्हाईत. कुणाला काय शिजवायचं ते शिजवू दे.”

“बरं. पण त्या लायसन्समध्ये वर नाव लागतं काका. कोणी लिहिलं त्याचं.”

“रेघ मार तिथं.”

“रेघ कशी चालेल? तुम्हीच शिकवलंत.”

“नावं घालणारा कधी आपलं नाव घालतो व्हय? बापानं हजारो भांड्यांवर घातली. आमच्या घरातल्या एका वाटीवर बी त्यांचं नाव न्हाई.” आणि फोन ठेवून दिला.

मी त्यांचं पूर्ण नाव घातलं. वडिलांच्या नावासकट, त्या पत्रात होतं तसंच. फरक इतकाच, की तिथे ते चुकीखाली होतं. कारखान्याच्या ॲपमधल्या यादीतही घातलं, जपानी आणि ब्राझीलच्या मधोमध. या लेखात मात्र लिहिलेलं नाही. ज्याला हवं त्याने ते बटण दाबावं.

चार दिवसांत फोन आला. कोणीतरी दाखवलं असणार. मागे छिन्नीची टकटक थांबलेली ऐकू आली.

“पोरी, माझं नाव काढ.”

मी म्हटलं, “काढतेच आहे, काका.”